तोफखान्यातून औषधालयाकडे



चरित्रपर व्याख्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एखादा राजा येतो, सेनापती येतो, संत किंवा देशभक्त येतो. औषधांच्या दुकानात खलबत्ता घेऊन बसलेल्या माणसाचे चरित्र ऐकायला कोणी उन्हाळ्याच्या संध्याकाळी घराबाहेर पडेल, असे सहसा वाटत नाही. तरीही आज मी अशाच एका दुकानदाराची कथा आपणांपुढे मांडणार आहे. एरवी दुकानदार म्हणजे शांत स्वभावाचा, गल्ल्यावर नजर ठेवून असणारा गृहस्थ. आपला चरित्रनायक मात्र दुकानात स्थिर होण्यापूर्वी तीन वर्षे तोफांच्या धुरात वावरला होता. त्याचे नाव कर्नल एली लिली. आणि एका माणसाची उंची कळायला दुसरा माणूस शेजारी उभा करावा लागतो, म्हणून त्याच्याबरोबर मी जॉन पेम्बर्टन या दुसऱ्या औषधविक्रेत्याचीही हकीकत सांगणार आहे. दोघेही अमेरिकन, दोघेही एकाच युद्धात लढलेले, पण विरुद्ध बाजूंनी. दोघांच्याही दुकानांतून जे बाहेर पडले ते पुढे साऱ्या जगात पसरले. आपल्यापैकी फारच थोडे लोक असे असतील, की ज्यांच्या घरात या दोघांपैकी एकाची तरी बाटली कधी आली नाही.

प्रथम त्या काळचा औषधविक्रेता कसा होता, ते ध्यानात घ्यावे लागेल. आजचा दुकानदार चकचकीत वेष्टनातली तयार गोळी कात्रीने कापून देतो. पूर्वी तसे नव्हते. आपल्याकडच्या जुन्या दवाखान्यांतील मिश्रणाची ती बाटली वयस्कर श्रोत्यांना आठवत असेल. घरून धुऊन नेलेली बाटली, तिच्यावर डकवलेली कागदाची कातरलेली पट्टी, आणि एकेका खाचेइतका एकेक डोस! कंपाउंडरने आत काय ओतले, किती ओतले, हे तो जाणे आणि त्याचा देव जाणे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतही कारभार असाच होता. झाडांच्या साली, मुळ्या, अफूचा अर्क, पारा, मद्यार्क यांची कुटून, गाळून, मापून औषधे करायची. माप चुकले तर रोगी जायचा, माल हिणकस असला तरी जायचा. आणि तो रोगाने गेला की औषधाने, हे सांगणारे कोणी नसे.

एली लिलीचा जन्म 8 जुलै 1838 रोजी बाल्टिमोर येथे झाला. पुढे हे कुटुंब केंटकीत आणि तेथून इंडियाना राज्यातील ग्रीनकॅसल या गावी आले. सोळाव्या वर्षी लाफायेट गावातील एका औषधालयावरची पाटी मुलाच्या दृष्टीस पडली आणि त्याने ठरविले, की आपण हेच काम शिकायचे. हेन्री लॉरेन्स नावाच्या इंग्रज औषधविक्रेत्याजवळ तो चार वर्षे उमेदवारी करीत होता. अशी उमेदवारी म्हणजे आपल्याकडच्या वैद्याच्या घरी राहून शिकण्यासारखीच. पहाटे दुकान झाडायचे, बाटल्या धुवायच्या, आणि ते करता करता कोणती मुळी कोणत्या वासाची, कोणते चूर्ण कोणत्या रंगाचे, हे नाकाने आणि डोळ्यांनी शिकायचे. 1861 मध्ये त्याने ग्रीनकॅसलला स्वतःचे दुकान उघडले. आदल्या वर्षी, 1860 मध्ये, एमिली लेमन या तरुणीशी त्याचा विवाह झाला होता, आणि 1861 च्या अखेरीस जोसाया हा मुलगाही झाला. दुकान, पत्नी, पुत्र! तेवीस वर्षांच्या गृहस्थाला आणखी काय हवे?

परंतु त्याच वर्षी त्या देशात भाऊबंदकीचा वणवा पेटला. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडील राज्ये फुटून निघाली आणि राष्ट्र अखंड ठेवू पाहणाऱ्या उत्तरेशी त्यांचे युद्ध जुंपले. चार वर्षे चाललेल्या या युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली. यांतील सुमारे दोन तृतीयांश सैनिक गोळीने मेले नाहीत. ते हगवणीने, विषमज्वराने आणि अशाच इतर रोगांनी मेले. उत्तरेच्या सैन्याच्या वैद्यकीय दप्तरात हिवतापाचीच दहा लाखांहून अधिक प्रकरणे नोंदलेली आहेत. म्हणजे त्या युद्धातला मोठा शत्रू समोरच्या खंदकात नव्हता. तो तंबूत होता, पाण्यात होता, डासांच्या सोंडेत होता. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाल्यावर तिकडे क्विनीन इतके दुर्मिळ झाले, की ते चोरून आणावे लागे.

लिलीने दुकान बंद केले आणि तो सैन्यात शिरला. 1862 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने स्वतः माणसे जमवून तोफखान्याची एक तुकडी उभी केली. इंडियानाची अठरावी बॅटरी, कॅप्टन एली लिली! ही तुकडी कर्नल वाइल्डरच्या ब्रिगेडला जोडली गेली. घोड्यांवरून झपाट्याने हालणारी ही ब्रिगेड ‘विजेची ब्रिगेड’ म्हणून पुढे प्रसिद्ध झाली. जून 1863 मध्ये हूव्हर्स गॅप येथे आणि सप्टेंबर 1863 मध्ये चिकामॉगा येथे ही बॅटरी लढली. चिकामॉगाच्या लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे चौतीस हजार लोक मृत, जखमी वा बेपत्ता झाले, एवढे सांगितले म्हणजे तिची भीषणता कळेल.

या दोन लढायांच्या मधला एक प्रसंग मला मुद्दाम सांगायचा आहे, कारण चरित्र सांगताना नायकाची सोयीची बाजू तेवढी सांगणे हा अप्रामाणिकपणा होय. 21 ऑगस्ट 1863 रोजी टेनेसी नदीपलीकडच्या टेकाडावरून लिलीच्या तोफांनी चॅटनूगा शहरावर मारा सुरू केला. दक्षिणेच्या अध्यक्षांनी तो दिवस उपवासाचा आणि प्रार्थनेचा म्हणून जाहीर केलेला होता. लोक प्रार्थनामंदिरांत बसले होते आणि गोळे गावात येऊन पडू लागले. औषध देणाऱ्या हातांनी त्या दिवशी तोफा डागल्या. युद्ध माणसाला कोठे नेऊन उभे करते, याचे हे उदाहरण आहे. यावरून लिली क्रूर होता असा निष्कर्ष मी काढणार नाही, आणि सैनिकाने आपले कर्तव्य केले एवढे म्हणून मोकळाही होणार नाही. ही गोष्ट चरित्राच्या जमाखर्चात खर्चाच्या बाजूला मांडून आपण पुढे जाऊ.

पुढे तो घोडदळात गेला. सप्टेंबर 1864 मध्ये अलाबामातील एका रेल्वेपुलाच्या रक्षणासाठी लढत असता फॉरेस्ट या दक्षिणेच्या सेनानीच्या सैन्याने त्याला पकडले. काही महिने कैदेत काढून कैद्यांच्या अदलाबदलीत तो सुटला आणि 1865 मध्ये कर्नलच्या हुद्द्यावर त्याची सैनिकी कारकीर्द संपली. त्याच्या रेजिमेंटमधील कित्येक सैनिक घरी परतताना, एप्रिल 1865 मध्ये, ‘सुल्ताना’ या आगबोटीच्या बाष्पकाचा स्फोट होऊन मिसिसिपी नदीत प्राणास मुकले. लढाईतून वाचलेली माणसे घराच्या वाटेवर गेली!

युद्ध संपले, पण माणसाचे काय करायचे हा प्रश्न संपत नाही. सैनिकाला ज्या गोष्टीची सवय झालेली असते ती गोष्टच नाहीशी होते. लिलीला एकदम जुन्या दुकानात परत जावेसे वाटले नाही. त्याने मिसिसिपी राज्यात पोर्ट गिब्सनजवळ बाराशे एकरांचा कापसाचा मळा खंडाने घेतला. काल ज्या प्रदेशाशी लढला त्याच प्रदेशात संपत्ती मिळवायला गेला. आणि तेथे त्याला तो शत्रू भेटला, ज्याच्यापुढे तोफेचा काही उपयोग नव्हता. सगळे कुटुंब तापाने फणफणले. तो ताप बहुधा हिवतापच होता. 20 ऑगस्ट 1866 रोजी एमिली वारली. ती आठ महिन्यांची गरोदर होती, आणि पोटातले मूलही गेले. पुढे पाऊस रुसला, पीक बुडाले, भागीदार उरलेसुरले पैसे घेऊन नाहीसा झाला आणि 1868 मध्ये कर्नलसाहेबांचे दिवाळे निघाले. लहानग्या जोसायाला आजीआजोबांपाशी ठेवून, तीस वर्षांचा हा विधुर हाती काही नसताना पुन्हा इंडियानात उभा राहिला.

श्रोतेहो, 20 ऑगस्ट ही तारीख क्षणभर ध्यानात ठेवा. एमिली गेली त्यानंतर बरोबर एकतीस वर्षांनी, 20 ऑगस्ट 1897 रोजी, आपल्याच देशात, सिकंदराबादच्या लष्करी छावणीत, रोनाल्ड रॉस या भारतीय वैद्यकीय सेवेतील डॉक्टरला डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू दिसले. ताप डासांपासून येतो याचा पुरावा तेव्हा जगाच्या हाती आला. तारखा जुळल्या हा निव्वळ योगायोग. त्यातून काही गूढार्थ काढण्याची गरज नाही. पण 1866 मध्ये मिसिसिपीच्या काठी तापाशी झगडणाऱ्या माणसाजवळ किती थोडे ज्ञान होते, हे त्यावरून कळते. रोग कोठून येतो हे ठाऊक नव्हते. हाती होते ते केवळ क्विनीन, आणि तेही शुद्ध मिळेल तेव्हा.

लिलीने आपला जुना धंदा पुन्हा धरला. प्रथम दुसऱ्याच्या पेढीत नोकरी केली, मग भागीदारीत दुकान चालविले, 1869 मध्ये मरिया स्लोन हिच्याशी दुसरा विवाह केला, आणि अखेर 10 मे 1876 रोजी इंडियानापोलिस शहरातील पर्ल स्ट्रीटवर स्वतःचे लहानसे कारखानावजा दुकान थाटले. भांडवल चौदाशे डॉलर. कामाला तीन माणसे, आणि त्यांत एक चौदा वर्षांचा जोसाया, ज्याची आई तापाने गेली होती. या दुकानात तयार झालेल्या पहिल्या काही औषधांत क्विनीन होते. पत्नीच्या मृत्यूमुळेच लिली क्विनीनकडे वळला असे कोणी सांगू लागले तर कथा गोड होईल, पण मी तसे म्हणणार नाही. त्या काळच्या प्रत्येक औषध करणाऱ्याला क्विनीन करावेच लागे. मात्र क्विनीनची बाटली बंद करताना बापाच्या आणि मुलाच्या मनात काय येत असेल, याची कल्पना आपल्याला करता येते.

आता त्याच्या कामाची रीत पाहा. त्या काळी अमेरिकेत फिरत्या औषधवाल्यांचा सुळसुळाट होता. घोडागाडीवर बाटल्या मांडायच्या, बँड वाजवायचा, आणि एकाच औषधाने संधिवात, क्षय, टक्कल आणि वांझपणा जातो असे ओरडून सांगायचे! आपल्या जत्रांतही ही मंडळी कमी नसत. बाटलीत बहुधा मद्य किंवा अफू असे. त्यामुळे घेणाऱ्याला घटकाभर बरे वाटे आणि तो दुसरी बाटली घ्यायला येई. लिलीने या वाटेला जायचे नाही असे ठरविले. आपला माल डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिला जावा, त्यात काय आहे हे बाटलीवरच्या चिठ्ठीत लिहिलेले असावे, आणि जे लिहिले तेच आत असावे, अशी त्याची धंद्याची नीती होती. त्याने गोळ्यांना जिलेटीनचे आवरण देण्याची पद्धत उचलली, कॅप्सूल केल्या, कडू औषधांना फळांची चव दिली. मुलाला फिलाडेल्फियाच्या औषधशास्त्र महाविद्यालयात पाठविले. तो 1882 मध्ये पदवी घेऊन आला. पुढे 1886 मध्ये कारखान्यात एक शिकलेला रसायनज्ञ मालाच्या परीक्षेसाठी नेमला. पहिल्या वर्षी साडेचार हजार डॉलरांच्या आत असलेली विक्री तीन वर्षांत अठ्ठेचाळीस हजारांवर गेली.

तोफखान्यातल्या माणसाला हे साधावे यात मला नवल वाटत नाही. तोफ डागणे म्हणजे नुसता आवाज करणे नव्हे. दारू किती भरायची, गोळा किती क्षणांनी फुटला पाहिजे, त्याप्रमाणे वात किती कापायची, याचा हिशेब असतो. चार दाणे कमीअधिक झाले तर गोळा आपल्याच माणसांत पडतो. मापाविषयीचा हा धाक ज्याच्या अंगात मुरला, तो खलबत्त्यापुढे बसला तरी मापाशी खेळणार नाही. पण शिस्त एकटी पुरत नाही. 1883 पासून त्याच दुकानाने ‘सकस आल्टेरान्स’ नावाचे एक रक्तशुद्धीचे औषध खपविले. ते आदिवासींच्या जुन्या नुसख्यावरून केलेले आहे असे सांगितले जाई, आणि उपदंशापासून संधिवातापर्यंत ते दिले जाई. ते चांगले खपले. पण आजचे शास्त्र त्याला औषध म्हणणार नाही. म्हणजे प्रामाणिक माणूससुद्धा आपल्या काळाच्या अज्ञानाबाहेर फार जाऊ शकत नाही. त्याला एवढेच करता येते, की उद्याचे ज्ञान आत येईल असे एक दार तो उघडे ठेवतो. लिलीने परीक्षेसाठी रसायनज्ञ बसविला, ते हे दार होय.

आता दुसऱ्या माणसाकडे वळू. जॉन स्टिथ पेम्बर्टन हा 1831 मध्ये दक्षिणेतील जॉर्जिया राज्यात जन्मला. वनस्पतींच्या औषधांचे शिक्षण घेऊन एकोणिसाव्या वर्षी त्याने व्यवसायाचा परवाना मिळविला आणि कोलंबस या गावी औषधांचे दुकान चालविले. युद्धात तो दक्षिणेच्या घोडदळात लेफ्टनंट कर्नल होता. 9 एप्रिल 1865 रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. युद्ध खरे पाहता संपले होते. पण आठवड्याने, 16 एप्रिलला, कोलंबसच्या पुलावर लढाई झाली आणि पेम्बर्टनच्या छातीवर तलवारीचा वार बसला. हरलेल्या युद्धातली, हरल्यानंतरची जखम!

ती जखम दुखे. दुखणे थांबविण्याचे साधन त्याच्या हाताशी होते, कारण तो औषधविक्रेता होता. मॉर्फीन! त्या युद्धात उत्तरेच्या सैन्यानेच सुमारे एक कोटी अफूच्या गोळ्या वाटल्या असे सांगतात. जखमी सैनिकांपैकी कित्येकांची जखम भरली, पण अफू सुटली नाही. पेम्बर्टन त्यांपैकी एक होता. ज्या माणसाच्या कुलपाची किल्ली त्याच्याच खिशात आहे, त्याचे व्यसन कसे सुटावे? तथापि हा माणूस सामान्य नव्हता. तो अटलांटाला आला, प्रयोगशाळा चालविली, राज्यात औषधविक्रेत्यांची परीक्षा घेणारे मंडळ निघाले त्यावर त्याने काम केले. आणि मॉर्फीनची जागा घेईल असे काही शोधण्याचा ध्यास त्याने घेतला.

त्याच्या दृष्टीस कोकाची पाने पडली. युरोपात मारियानी नावाच्या गृहस्थाने मद्यात कोकाचा अर्क घालून केलेले पेय तेव्हा गाजत होते. पेम्बर्टनने त्याच धर्तीवर, कोलाच्या बियांची भर घालून, आपले ‘फ्रेंच वाइन कोका’ काढले. डोकेदुखीपासून मॉर्फीनच्या व्यसनापर्यंत सर्वांवर ते गुणकारी, अशी त्याची जाहिरात होती. आज आपण जाणतो, की कोकापासूनच कोकेन निघते. एका विषावर दुसऱ्या विषाचा उतारा शोधण्याचा तो प्रकार होता. इतक्यात अटलांटात दारूबंदीचा ठराव झाला, आणि ती 1886 मध्ये अंमलात यायची होती. तेव्हा त्याने मद्य काढून साखरेचा पाक घातला. 8 मे 1886 रोजी अटलांटातील जेकब्स औषधालयात हे पेय प्रथम विकले गेले. पाच सेंटला एक पेला. त्याचा हिशेबनीस फ्रँक रॉबिन्सन याने त्याला नाव दिले, आणि ते वळणदार अक्षरांत लिहिले. मंडळी, ते नाव ‘कोका-कोला’!

पहिल्या वर्षी दिवसाला सरासरी नऊ पेले खपत. पेम्बर्टन आजारी, कर्जात आणि मॉर्फीनच्या आहारी गेलेला. आपल्या पेयाचे हक्क त्याने तुकड्यातुकड्यांनी विकून टाकले, आणि 16 ऑगस्ट 1888 रोजी तो कर्करोगाने मेला. पुढे एसा कँडलर या दुसऱ्या औषधविक्रेत्याने सगळे हक्क मिळून सुमारे तेवीसशे डॉलरांत आपल्याकडे घेतले. पेम्बर्टनचा एकुलता एक मुलगा चार्ल्स हाही अफूच्या नादी लागून 1894 मध्ये गेला. जगाला गोड पेय देणाऱ्या माणसाच्या घरात मागे राहिली ती एक विधवा.

या दोन चरित्रांचा अर्थ काय लावायचा? एक चांगला आणि एक वाईट, एक शिस्तीचा आणि एक दुबळा, असा निवाडा करणे सोपे आहे; पण तो न्याय होणार नाही. लिलीची हानी बाहेरून झाली. त्याची पत्नी गेली, पैसा गेला, पण शरीर शाबूत राहिले. पेम्बर्टनचा शत्रू त्याच्या छातीत घर करून बसला होता. जखमी शिपायाला लढाईनंतर वेदना घेऊन एकटे सोडणाऱ्या समाजाने त्याच्या व्यसनाबद्दल त्यालाच दोष द्यावा, हे मला पटत नाही. तरीसुद्धा एक फरक उरतोच, आणि तो बाटलीवरच्या चिठ्ठीचा आहे. एकाचा धंदा ‘आत काय आहे ते लिहा’ या तत्त्वावर उभा राहिला, तर दुसऱ्याचा ‘आत काय आहे ते कोणाला सांगू नका’ या तत्त्वावर. ते गुपित पुढे पेढीचे भांडवलच झाले. 1977 मध्ये आपल्या सरकारने या कंपनीस भारतातील हिस्सा कमी करून तंत्र देण्यास सांगितले, तेव्हा कृतीचे गुपित उघडे करण्यापेक्षा तिने देश सोडणे पसंत केले. 1993 मध्ये ती परत आली. सरबताच्या बाबतीत गुपित चालेल. औषधाच्या बाबतीत ते चालत नाही.

अमेरिकेत हे तत्त्व कायद्यात यायला 1906 साल उजाडले. बाटलीत मद्य, अफू, मॉर्फीन, कोकेन यांसारखे द्रव्य असेल तर ते बाहेर लिहिलेच पाहिजे असा कायदा त्या वर्षी झाला. तो पाहायला लिली नव्हता. 1884 मध्ये त्याची तेरा वर्षांची मुलगी एलिनॉर घटसर्पाने गेली. 1895 मध्ये मुलांसाठी निघालेल्या रुग्णालयाला तिचे नाव दिले गेले. 1890 च्या सुमारास कारभार जोसायाकडे सोपवून कर्नलने उरलेली वर्षे शहराच्या कामाला वाहिली. 1893 च्या मंदीत बेकारांना अन्न पुरविण्याची व्यवस्था केली. त्याच वर्षी माजी सैनिकांचा मोठा मेळावा त्याच्या देखरेखीखाली इंडियानापोलिसमध्ये भरला. 6 जून 1898 रोजी, साठी पुरी होण्यास महिना उरला असता, तोही कर्करोगाने गेला. त्याच्या पश्चात 1922 मध्ये टोरांटोच्या संशोधकांशी करार करून त्याच पेढीने इन्सुलिन मोठ्या प्रमाणावर तयार केले, आणि 1923 पासून मधुमेहाने मरणारी मुले जगू लागली. पण संस्थापकाची नीती पेढीला वारसाहक्काने आपोआप मिळत नाही. 2009 मध्ये एका मनोविकारावरील औषधाचा मान्यता नसलेल्या उपयोगांसाठी प्रसार केल्याबद्दल याच कंपनीला अमेरिकेत सुमारे एकशे बेचाळीस कोटी डॉलर भरावे लागले. इन्सुलिनच्या किमतींवरून लोक संतापले, तेव्हा 2023 मध्ये तिने काही इन्सुलिनच्या किमती सत्तर टक्क्यांनी उतरविण्याचे जाहीर केले. नीती ही दर पिढीने नव्याने मापून घ्यायची वस्तू आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडेही औषधाची चिठ्ठी खरी असावी म्हणून झटणारा एक कर्नल होऊन गेला. रामनाथ चोपडा हे भारतीय वैद्यकीय सेवेतील अधिकारी पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर होते. परत आल्यावर त्यांनी कलकत्त्यास औषधिशास्त्राचे अध्यापन आणि संशोधन केले. बाजारात भेसळीचे क्विनीन आणि हिणकस औषधे माजली होती, तेव्हा 1930 मध्ये नेमलेल्या औषध चौकशी समितीचे ते अध्यक्ष झाले, आणि 1931 मध्ये त्यांनी अहवाल दिला. 1940 चा औषधांचा कायदा आणि 1948 चा औषधविक्रेत्यांसंबंधीचा कायदा यांची मुळे त्या अहवालात आहेत. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखी हेही लष्करी डॉक्टरच होते; शुद्ध औषध स्वस्तात मिळावे हा त्यांचा ध्यास होता.

मग कायदा झाला म्हणजे काम संपले काय? 1986 च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होते. बाटलीवर ग्लिसरीन लिहिले होते, आत दुसरेच होते. याच विषाने 1937 मध्ये अमेरिकेत शंभरावर माणसे मेली होती. ज्ञान पन्नास वर्षे जुने होते, कायदा शेहेचाळीस वर्षे जुना होता, आणि तरी माणसे मेली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने मंत्र्यांपासून पुरवठादारांपर्यंत सर्वांची झडती घेतली. रॉसने रोगाचे कारण शोधले, रसायनज्ञांनी परीक्षेची रीत शोधली. पण ती परीक्षा रोज, कंटाळा न करता, लाच न घेता करणारा माणूस शास्त्राला निर्माण करता येत नाही. तो समाजाला करावा लागतो.

सैनिकाला आपण मान देतो, कारण तो आपल्यासाठी मरायला तयार असतो. औषधाच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसाकडे आपण पाहतही नाही. सुटे पैसे परत घेतो आणि निघतो. पण रात्री दोन वाजता तापाने फणफणलेल्या मुलाच्या तोंडात आपण जो चमचा घालतो, तो एका अनोळखी माणसाच्या शब्दावर विसंबून. एवढा विश्वास आपण सख्ख्या भावावरही क्वचित टाकतो. म्हणून माझी आपणांस एक विनंती आहे. औषध घेताना वेष्टन वाचा, तारीख पाहा, पावती मागा, आणि शंका आली तर विचारा. असा प्रश्न विचारणे हा दुकानदाराचा अपमान नव्हे. जो दुकानदार आपल्या कामाची प्रतिष्ठा जाणतो, त्याला अशा गिऱ्हाइकाचा आनंदच होईल.